पुणं सोडून चोपड्याकडे गावच्या धाब्याच्या घरात राहायला जायचंय, अनुभव असलेल्यांनी बोला

अनेरकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच महिने घरात जी चर्चा चाललीय ती आज इथं मांडतोय, लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात वाकडला राहतो. मी, बायको आणि चौथीतला मुलगा. माझं काम कॉम्प्युटरवरचं आहे, आता जवळपास सगळं घरूनच चालतं, बायको शिकवण्या घेते. मूळ गाव चोपडा तालुक्यात, अनेरच्या अंगाला, सकाळी दार उघडलं की समोर सातपुडा. गावठाणात आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, सागाच्या कड्या अजून शाबूत आहेत पण वडील गेल्यापासून कुलूपच आहे आणि पावसात मागची खोली गळते असं चुलतभाऊ सांगतो. तीन एकर जमीन आहे ती तोच कसतो, माझा त्याच्याशी काही वाद नाही.

आम्हाला फार्महाऊस नकोय, ते गेट आणि लॉन वगैरे अजिबात नको. त्याच घरात राहायचं, आहे तेवढ्यात भागवायचं, घरापुरती दादर ज्वारी, थोडा भाजीपाला, एखादी गाय. पुण्यात आमचा दिवस सगळा कमावण्यात आणि कमावलेलं खर्च करण्यात जातो, शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव मला माहीत नाही, मुलाला आजोबांच्या गावचं एकही माणूस ओळखत नाही, आणि हे मला आता सहन होत नाही एवढंच खरं कारण आहे. जे परत गेलेत किंवा जे गावातच आहेत त्यांनी घर, पाणी, शाळा, कागदपत्रं यावर मोकळेपणानं सांगा.

रावेरकर:
भो, पहिलं काम. निर्णय घ्यायला हिवाळ्यात येऊ नको. थंडीत आपल्याकडं कोणीही प्रेमात पडतं, शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, वर चांदणं, माणूस तिथंच ठरवून टाकतो की आता इथंच राहायचं. तू आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास ये आणि मे महिना पूर्ण राहा. पारा 45 च्या पुढं गेला, दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही, लाईट गेली, नळाला पाणी येऊन तीन-चार दिवस झालेत, त्या दिवसात घरातल्या सगळ्यांचं एकमेकांशी कसं जमतं ते बघ.

दुसरं पाणी. आमचा यावल-रावेर पट्टा भूजलाच्या बाबतीत अतिशोषित म्हणून सरकार दरबारी नोंदलेला आहे, आणि हे बाहेरच्याला पटत नाही कारण रस्त्यानं जाताना दोन्हीकडं केळीच केळी हिरवीगार दिसते. ती हिरवाई जमिनीच्या पोटातून उपसलेली आहे. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात 1,700 च्या आसपास खोडं बसतात, उन्हाळ्यात ठिबकवर सुद्धा खोडाला दिवसाला 15 ते 20 लिटर पाणी लागतं, म्हणजे एका एकराला रोज 30,000 लिटर सहज. त्यात एप्रिल-मेमध्ये एक वादळ आलं की घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी. केळी हा पूर्णवेळ शेतकऱ्याचा आणि भांडवलाचा खेळ आहे, जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव मोठं झालं, पण त्यानं कष्ट कमी झाले नाहीत. तू दादर म्हणतोयस ते बरोबर आहे. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, कडबा गाईला, दाणा घराला.

तुझ्या शिवारात विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं ते चुलतभावाला विचार, पावसाळ्यातलं विचारू नको.

धाब्यावरचा:
घराबद्दल मी सांगतो कारण आमचं घर धाब्याचंच आहे, अमळनेर तालुक्यात, आणि आम्ही लॉकडाऊनमध्ये आलो ते परत गेलोच नाही.

पहिल्यांदा सांगतो की ते पाडू नका. गावात सगळे तेच सांगतील, पाडा आणि स्लॅब टाका. स्लॅबच्या घरात मे महिन्यात रात्री अकरा वाजता सुद्धा भिंतीला हात लावून बघा, आणि मग दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीच्या घरात दुपारी दोन वाजता बसून बघा. पंख्यावर भागतं.

आता दुखणं कुठं असतं ते. धाब्याचं छत म्हणजे खाली सागाच्या कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग माती आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी पाण्याला खाली जाऊ देत नाही, तीच सगळ्यात महत्त्वाची. दरवर्षी पावसाळ्याआधी जुन्यावर नवीन खारी टाकावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात, उतार पन्हाळीकडं नीट ठेवावा लागतो, वर उगवलेलं गवत मुळासकट काढावं लागतं. घर बंद राहिलं की हे कोणी करत नाही, पाणी एका जागी साचतं, पाल्यातून कडीपर्यंत जातं आणि कडीचं टोक भिंतीत जिथं बसलेलं असतं तिथंच ती कुजते. वरून कडी ठणठणीत दिसते. तुमची मागची खोली गळतेय तर सुताराला घेऊन भिंतीतली टोकं ठोकून बघा, मधला भाग बघून काही कळत नाही. वाळवीही तिथूनच वर चढते.

खारी टाकणारी जाणती माणसं आता कमी राहिलीत, आमच्याकडं गावातले एक आबा आहेत त्यांच्या देखरेखीखाली करून घेतो, आणि बरेच लोक वर पत्र्याचं छप्पर घालून देतात म्हणजे धाबं पण राहतं आणि दरवर्षीचं कामही वाचतं. मला ते चालेलसं वाटतं, फक्त धाबं आणि पत्रा यात वारा खेळायला चांगली जागा सोडा नाहीतर पत्रा तापून सगळी उष्णता खाली येते. फायदा अजून एक म्हणजे पत्र्यावरचं पाणी टाकीत घेता येतं. 1,000 चौरस फुटांवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर हिशोबानं 65,000 लिटर होतात, वाया जाणारं सोडलं तरी 50,000 लिटर हाताशी येऊ शकतात, टाकी जेवढी तेवढं साठेल. आणि हो, सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीला देऊ नका, ओल आत अडकते आणि काही वर्षांत पोपडे धरून मातीसकट खाली येतो. शेण-मातीचा किंवा चुन्याचा द्या.

संडास-बाथरूम मात्र नवीन, पक्कं, घराला लागून बांधा. त्यात काटकसर नको.

पाचोऱ्याची_लेक:
सगळे भाऊ घर आणि पाण्यावर लिहितायत, मी वहिनींच्या बाजूनं विचारते. त्यांना काय वाटतं ते पोस्टमध्ये एक ओळ पण नाही.

मी खेड्यातच वाढले, लग्न होऊन ठाण्याला आले. तुम्ही ज्याला साधं राहणं म्हणताय त्यातलं निम्मं साधेपण घरातल्या बाईच्या हातावर उभं असतं. पाणी येईल तेव्हा भरायचं, म्हणजे पहाटे चार असो की दुपारची वेळ. गाय आली की शेण, धारा, वैरण, आणि गाय असली की दोन दिवस कुठं जाता येत नाही. घरात माणसांचा राबता, कोणी आलं की चहा, जेवणाच्या वेळेला आलं की ताट, आणि हे सगळं मनापासून केलं तर खूप छान असतं पण एकटीनं करायचं म्हटलं की कंबर मोडते. माझ्या आईनं उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, शेवया, वर्षाचा काळा मसाला सगळं केलं, गल्लीतल्या दहा बायका एकमेकींकडं जाऊन करायच्या म्हणून ते व्हायचं. आता त्या दहा जणींतल्या किती राहिल्यात गावात हे बघा.

मी जाऊ नका म्हणत नाहीये. मला स्वतःला जायचंय कधीतरी. पण गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोठी टाकी, हे सगळं पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि गाईचं काम कोण करणार हे आधी ठरवा. वहिनी तिथं शिकवण्या घेणार का, सून म्हणून डोक्यावर पदर घ्यायला लागणार का, सकाळी फिरायला एकट्या जाऊ शकतील का, हे त्यांनी स्वतः जाऊन बघायला पाहिजे, तुमच्या चुलतभावाच्या बायकोसोबत चार दिवस राहून. ती जे सांगेल ते तुम्हाला कोणी पुरुष सांगणार नाही.

निवृत्त_महसूल_काका:
अनेरकाठ, कागद आधी बघा, बाकी सगळं नंतर. माझी नोकरी यातच गेली.

वडील वारल्यानंतर तुमची वारसनोंद झाली आहे का? सातबारा आणि आठ-अ काढा, आजकाल ऑनलाईन मिळतो. तुमचं नाव लागलं आहे का, इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), एवढं वाचा. बहिणी आणि आत्या असतील तर त्यांचीही नावं वारस म्हणून येतात, त्यांना न विचारता काही करू नका. नातं आणि कज्जा दोन्ही तिथंच सुरू होतं. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे संमतीनं वाटप करून घेता येतं. पण तुकड्याचं लक्षात ठेवा, 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे, त्याच्या खाली तुकडा पडू देऊ नका.

घराचं वेगळं असतं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो, आणि तो कर आकारणीचा कागद आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी होऊन बऱ्याच गावांना मिळकत पत्रिका आल्यात, तुमच्या गावाची झाली असेल तर त्यात आजोबांच्या घरावर कोणाचं नाव चढलंय ते ताबडतोब बघा. घर वर्षानुवर्षं बंद असलं की मोजणीच्या दिवशी जो हजर असतो त्याच्या सांगण्यावरून नोंद होऊ शकते, त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

डोंबिवलीचा_खान्देशी:
काका, माझ्याकडे शेतीच नाही, वडिलांनी विकून टाकली. मला धरणगावकडे दोन एकर घेता येईल का? एक एजंट म्हणतो शेतकरी दाखला करून देतो.

निवृत्त_महसूल_काका:
त्या एजंटाला पैसे देऊ नका. कूळ कायद्याचं कलम 63, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढं सरकारजमा होऊ शकते. आणि नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडे किंवा कुठंही आदिवासी खातेदाराची जमीन स्वस्तात देतो असं कोणी म्हणालं तर तिकडं बघू पण नका, जमीन महसूल अधिनियमाचं कलम 36-अ आड येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती त्यांची आहे. तुम्हाला गावात राहायचंच असेल तर गावठाणातलं घर घ्या, त्याला शेतकरी असायची अट नाही. परसात भाजी होते. शेती कसायची हौस असेल तर कोणाची वर्षाच्या करारानं करून बघा.

उधनाकर:
भाऊ, पोस्ट वाचीसन डोयामा पानी वनं. मना बाप लूमवर काम कराले सुरतले वना, आम्ही बठ्ठा आठेच वाढनूत. कानबाईले गावले जातस, रोट खातस, मंग परत ताप्ती लाईननी गाडी धरतस.

सगळ्यांना कळावं म्हणून अहिराणी सोडून मराठीत लिहितो. आमच्यासारखे लाखभर लोक उधना-लिंबायतला आहेत ज्यांना परत यायचंय पण गावात पोट भरत नाही म्हणूनच बाप निघाला होता. तुमच्याकडं कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून तुम्ही येऊ शकता. आलात तर माझी एक विनंती आहे, घराचं काम गावातल्याच माणसांना द्या, बाहेरून ठेकेदार आणू नका, शिधा-किराणा गावातून घ्या, सगळं ऑनलाईन मागवू नका. आणि आठवड्याचा बाजार करा. शहराचा पैसा गावात आला तर आमच्यातल्या दोघा-चौघांना तरी मागं यायची वाट होईल.

पांझराकाठी:
उधनाकर दादा, फार महत्त्वाचं बोललात.

मी साक्री तालुक्यातली, शेती करते. इथं सगळे विहीर, बोअर, टाकी बोलतायत, म्हणजे ज्याचं त्याचं पाणी. आमच्या पांझरेवर फड पद्धत होती, तीन-चारशे वर्षं चालली, काही ठिकाणी तिचे अवशेष अजून आहेत. नदीला दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, उताराउतारानं जाणारा, पंप नाही काही नाही. पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड पाडलेले, एका फडात त्या हंगामात एकच पीक, एकात ऊस तर दुसऱ्यात गहू, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर नुकसान सगळ्यांचं सारखं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला गावानं द्यायचा, आणि पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस गेलंच पाहिजे. स्वतःच्या शेताचं पाणी स्वतः तोडून घ्यायची मुभा कोणालाच नव्हती, कितीही मोठा खातेदार असला तरी. वर धरणं झाली, घरोघरी विहिरी-बोअर आले तसं ते मोडत गेलं. आम्हाला अजून त्याची हळहळ आहे.

हे एवढं का लिहिलं, तर अनेरकाठ भाऊ, तुम्ही घर उघडून आत राहाल आणि बाहेर फक्त सातपुडा बघाल तर वाकडच्या फ्लॅटमध्ये आणि त्यात फरक राहणार नाही. पाट साफ करायला जाणारं माणूस व्हा. आजच्या काळात ते म्हणजे ग्रामसभेला बसणं, शाळेच्या व्यवस्थापन समितीत जाणं, नाल्याच्या कामाला उभं राहणं. तुमच्या शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली, पाणी जिरू न देणारा पिवळ्या मातीचा थर काढून खालपर्यंत पाणी जाऊ दिलं. आमच्याकडं बारीपाड्यानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं आजूबाजूचं जंगल राखलं, झरे आणि विहिरी टिकल्या, 2025 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ही दोन्ही कामं कोणी एकट्यानं आपल्या कुंपणाच्या आत केलेली नाहीत. तुम्हाला लिहिता-वाचता येतं, अर्ज करता येतात, नकाशे काढता येतात, गावाला असा माणूस हवा असतो हो.

उपकेंद्रातली_ताई:
थोडक्यात लिहिते, ड्युटीवर आहे. मातीच्या जुन्या घरात विंचू आणि साप निघतात, भिंतीतली बिळं आधी बुजवा, रात्री पायात चप्पल आणि हातात बॅटरी, अंथरूण झटकून. साप चावला तर मांत्रिक, चिरा, घट्ट दोरी यातलं काही करायचं नाही, हालचाल कमी ठेवायची आणि 108 ला फोन किंवा मिळेल त्या गाडीनं सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. तिथं सर्पविषावरचं इंजेक्शन आहे का हे घर लावायच्या आधीच विचारून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 शेतात जायचं नाही, शहरातून आलेल्या माणसाचं शरीर पहिल्या वर्षी तयार नसतं.

मुलगा चौथीत आहे म्हणालात. सहावीला नवोदयचा विचार असेल तर पाचवी त्याच जिल्ह्यात व्हावी लागते, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. म्हणजे ग्रामीण कोटा तुम्हाला मिळणार नाही, पण पाचवी इथं केली तर बाकीच्या जागांसाठी बसता येईल. जिल्ह्याचं नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे.

अनेरकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला, पाचोऱ्याच्या ताईंची पोस्ट तिनं दोनदा वाचली आणि मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो, "मला यायचंय, पण सून म्हणून यायचं नाही, राहायला यायचंय." तिला गावातल्या पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळी गणिताचा वर्ग सुरू करायचाय. गाय दोन वर्षं नाही, हे ठरलं. वॉशिंग मशीन येणार, हेही ठरलं.

चुलतभावाला फोन केला. वारसनोंद झालेली नाही, आणि आमच्या दोन आत्या आहेत, एक भुसावळला, एक नंदुरबारला. पुढच्या आठवड्यात दोघींकडं जाऊन बोलतो, जमीन वाटून घ्यायला नाही, आम्ही राहायला येतोय हे त्यांना माझ्या तोंडून कळावं म्हणून, त्यांचं पण माहेर आहे ते. जमीन तोच कसेल, मला विहिरीजवळचं अर्धा एकर दादर आणि भाजीला मिळालं की झालं. मे महिन्यात विहिरीला किती पाणी असतं असं विचारलं तर म्हणाला दोन परस (दोन माणूस खोल), त्यातही रोज तासभरच मोटर चालते.

रावेरकर भो, आखाजीला येतोय आणि मे महिना पूर्ण राहतोय तिघंही. मागची खोली सोडून पुढच्या खोलीत. काम सगळं घरूनच करणार, म्हणून नेट आणि लाईटचं पण त्याच महिन्यात कळेल.

धाब्यावरचा:
लाईटचं सांगतो, गावठाणाला सिंगल फेज बऱ्यापैकी असते पण वादळानं डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) गेली की दोन दिवस धरून चाला. कामासाठी इन्व्हर्टर लागेलच. पुढं कायमचे आलात तर छतावर सोलर घ्या, सूर्य घर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे, पण त्यासाठी वीज मीटर तुमच्या नावावर करून घ्या, आजोबांच्या नावावर असेल अजून. नेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि मे महिन्यात येताय तर खारी टाकायचा मोसम तोच आहे, मी आमच्या आबांना विचारतो, चोपड्यापर्यंत यायला तयार झाले तर घेऊन येतो.

अनेरकाठ:
दादा, नक्की आणा. जेवायला आमच्याकडंच.

निवृत्त_महसूल_काका:
आत्यांकडे जाताय तर जाता जाता त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स घ्या, वारसनोंदीला लागतील. वडिलांचा आणि आजोबांचा दोघांचाही मृत्यू दाखला लागेल, आजोबांचा ग्रामपंचायतीत जुन्या रजिस्टरला सापडेल. अर्ज ऑनलाईन भरला तरी तलाठ्याला एकदा समक्ष भेटून या.